तिला आधी विचारा: एका भावाच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

आपला प्रश्न मी दोनदा वाचला. धाकटी बहीण २६ वर्षांची, लग्नाला चार वर्षे झालेली, पदरात दोन वर्षांचे लेकरू, सासर शेजारच्या तालुक्यात. यंदा पंचमीला तिला माहेरी आणायला आपण स्वतः मुराळी म्हणून गेलात, तेव्हा सासरच्यांनी तिला दोनच दिवसांसाठी धाडले. त्या दोन दिवसांत तिने गळ्याभोवतीचा पदर एकदाही सैल केला नाही, तिचा आवाज बसलेला होता, आणि आईने पदर बाजूला सारून पाहिले तेव्हा कानाखाली निळसर वळ दिसला. विचारल्यावर ती एवढेच म्हणाली, "गाय बांधताना दावं लागलं." आता वडिलांचे म्हणणे असे की नवरा-बायकोच्या मध्ये पडू नये, चुलते म्हणतात की चार माणसे घेऊन जावे आणि बैठक बसवावी, आणि आपल्याला वाटते की तिला सरळ घेऊन यावे व पोलिसांत तक्रार द्यावी. हा छळच आहे हे कसे ओळखायचे, आणि ती काहीच सांगत नसताना आपण नेमके काय करायचे, असे आपण विचारले आहे.

मी मराठवाड्यातील एका जिल्ह्याच्या ठिकाणी गेली २२ वर्षे कौटुंबिक हिंसेच्या प्रकरणांत समुपदेशक म्हणून काम करते. या उत्तरात ज्या बायकांचे अनुभव येतील, त्यांची ओळख पटणार नाही इतपत तपशील मी बदलले आहेत. उत्तर लांबेल, पण एक गोष्ट सर्वांत आधी सांगते, कारण तिला थांबायला वेळ नाही. ती म्हणजे आपल्या बहिणीचा गळा.

काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या केंद्रात एक मुलगी तिच्या आईबरोबर आली. उन्हाने पंखासुद्धा गरम वारा फेकत होता आणि तिने पदराचे दोन वेढे गळ्याभोवती घेतलेले होते. मी विचारलेल्या प्रत्येक प्रश्नाचे उत्तर आईच देत होती. मी माठातल्या पाण्याचा पेला तिच्यापुढे ठेवला. तिने एक घोट घेतला, तो तोंडातच धरून ठेवला, मान एका बाजूला कलती केली आणि कडू काढा गिळावा तसा तो गिळला. डोळ्यांत पाणी आले. आई म्हणाली, "सर्दी झालीय तिला, घसा बसलाय." अर्ज लिहून घेण्यासाठी मी आईला बाहेरच्या खोलीत पाठवले. दार लागल्यावर मुलीने आपणहून पदर सोडला. उजव्या बाजूला अंगठ्याएवढा एक डाग होता आणि डाव्या बाजूला पिवळट पडू लागलेले चार. मी "कधी?" एवढेच विचारले. ती म्हणाली, "सोमवारी." तो गुरुवार होता. त्याच दुपारी तिला रुग्णालयात नेले, तेव्हा घशात आतून सूज असल्याचे डॉक्टरांना आढळले आणि तिला दोन दिवस देखरेखीखाली ठेवावे लागले.

मारहाणीच्या सगळ्या प्रकारांत गळा दाबणे हा प्रकार मी वेगळा धरते. ज्या बाईचा गळा नवऱ्याने एकदा दाबला आहे, तिचा पुढे त्याच्याच हातून जीव जाण्याचा धोका कित्येक पटींनी वाढतो, असे संशोधनातून पुढे आलेले आहे. बाहेर वळ दिसला नाही तरी आत इजा असू शकते. आवाज घोगरा होणे, गिळताना दुखणे, डोळ्यांत किंवा पापण्यांवर लाल ठिपके येणे, डोके दुखत राहणे, मधल्या काही क्षणांचे काहीच न आठवणे किंवा त्या वेळी कपड्यांत लघवी होणे, यांतले काहीही झाले असेल तर काही दिवस उलटून गेले असले तरी तपासणी करून घ्यायलाच हवी, कारण मानेतल्या रक्तवाहिनीला झालेल्या इजेचा परिणाम उशिराही दिसतो. आपल्या बहिणीच्या बाबतीत खरोखर दावेच लागले असेल, तर फार बरे. दोराचा वळ सलग रेघेसारखा असतो आणि बोटांचे डाग सुटे उमटतात, पण इथे बसून मी त्याचा निवाडा करू शकत नाही. बसलेला आवाज मात्र दाव्याने झालेला असणे कठीण दिसते. घसा बसला आहे हे दवाखान्यात जाण्यासाठी सासरीही चालणारे कारण आहे, ते वापरता येईल. डॉक्टरांना तिने एकटीने खरे सांगितले तर ते प्रकरण एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर प्रकरण, म्हणून नोंदवतील आणि पोलिसांना कळवतील. ही गोष्ट तिला आधीच ठाऊक हवी. पोलीस जबाब घ्यायला आले तर काय सांगायचे हे तिचे तिनेच ठरवायचे आहे, पण ती नोंद कागदावर राहते आणि पुढे हा कागद फार उपयोगी पडतो.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे येते. छळ ओळखायचा असेल तर वळ मोजत बसू नका, चार वर्षांत तिचे जगणे किती आखडत गेले ते पाहा. लग्नानंतरच्या पहिल्या पंचमीला ती किती दिवस राहिली होती आणि यंदा किती? फोन तिच्याकडे असतो की त्याच्याकडे? आपण फोन केल्यावर ती बोलते तेव्हा पलीकडे आणखी कोणी ऐकत असल्यासारखी "हो, बरं आहे, ठेवते" एवढेच बोलते का? कपडे, जेवण, दुकानात जाणे, लेकराला डोस द्यायला नेणे अशा साध्या गोष्टींसाठीही तिला विचारावे लागते का, आणि विचारल्यावर उत्तर काय मिळेल याचा तिला अंदाज नसतो का? आमच्याकडे येणाऱ्या पुष्कळ बायका सांगतात की फटफटीच्या आवाजावरून आज रात्र कशी जाणार हे त्यांना कळते. मार महिन्यातून एकदाच बसत असेल, पण त्या आवाजाची वाट पाहणे रोजचे असते, आणि माझ्या लेखी छळ तो आहे.

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण करणारा २००५ चा कायदा, जो २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला, त्यातही हिंसेची व्याख्या एवढीच रुंद आहे. शारीरिक, लैंगिक, शाब्दिक व भावनिक आणि आर्थिक असे हिंसेचे चार प्रकार तो मानतो. यांतला आर्थिक प्रकार आपल्या भागात डोळ्यांसमोर असूनही दिसत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या जोडप्यांत नवरा-बायको मिळून एक कोयता धरला जातो आणि मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून मिळणारी उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. बीडकडची एक बाई मला म्हणाली होती, "ताई, तोडताना मी अर्धा कोयता हाय, पैसे घेताना मी कुठंच न्हाई." २०२४ पासून लाडकी बहीण योजनेचे १५०० रुपये बायकांच्या खात्यात येऊ लागले, तेव्हापासून मी प्रत्येकीला एक प्रश्न आवर्जून विचारते की एटीएम कार्ड कोणाच्या खिशात असते. याचे उत्तर देताना ती गप्प झाली, तर पुढची अर्धी हकीकत मला समजते.

ती सांगत का नाही, याचा आपल्याला त्रास होतो आहे हे पत्रावरून कळते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, देशातील १८ ते ४९ वयाच्या विवाहित स्त्रियांपैकी सुमारे २९ टक्के स्त्रियांनी नवऱ्याकडून शारीरिक किंवा लैंगिक हिंसा झाल्याचे सांगितले. आणि हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी कोणाकडे तरी मदत मागणाऱ्या अवघ्या १४ टक्के होत्या. तेव्हा आपली बहीण आपल्याला परकी झाली म्हणून गप्प आहे असे समजू नका. लग्नाचे कर्ज अजून फिटलेले नसते, पाठची बहीण लग्नाची असते, भाऊ तापट आहे आणि काहीतरी करून बसेल ही भीती असते. त्यातच मार बसलेल्या रात्रीनंतर काही दिवस गोडीचे येतात. तो लेकराला खांद्यावर घेतो, साडी आणतो, देवाची शपथ घेतो, आणि तिला वाटते की हाच खरा आणि तो वेगळा. ही आशा खोटी ठरत गेली तरी तिला मूर्खपणा म्हणू नये.

दारू पितो म्हणून मारतो, नापिकी झाली म्हणून चिडतो, ही दोन कारणे मी इतक्या वेळा ऐकली आहेत की त्यांच्याविषयी स्पष्ट लिहिले पाहिजे. दुष्काळ आणि कर्ज यांचा ताण खरा आहे. मराठवाड्यात राहून तो नाकारण्याइतकी मी निष्ठुर नाही, आणि ताणाने व दारूने मारहाण वाढते हेही मी पाहिले आहे. पण तोच माणूस कर्जासाठी बँकेतल्या साहेबापुढे हात जोडून उभा असतो, सावकाराला उलट शब्द बोलत नाही, आणि पिऊन आला तरी सरपंचाच्या अंगावर हात टाकत नाही. कोणावर हात टाकला तर चालते, हे त्याला प्यायल्यावरही समजते. म्हणून दारू सोडवण्याचे उपचार जरूर करावेत, मात्र दारू सुटली की मार सुटेल असा भरवसा बहिणीला देऊ नये.

तिच्याशी बोलायचे कसे, यावर बहुतेक माहेरचे लोक चुकतात. सगळे घर ओसरीवर बसवून "खरं सांग, मारतो का?" असे विचारले तर ती नाहीच म्हणणार. आपण भाऊ आहात; काही गोष्टी ती आपल्याला सांगणार नाही, आणि नवऱ्याची अंथरुणातली जबरदस्ती तर आईलाही सांगणार नाही. तिच्या जवळची मावशी, वहिनी किंवा जुनी मैत्रीण असेल, तर तिने एकांतात, हाताला काही काम चालू असताना बोलावे. भाजी निवडताना, लेकराला न्हाऊ घालताना डोळ्याला डोळा भिडवावा लागत नाही आणि बोलणे सोपे जाते. "तो घरी आल्यावर तुला कसं वाटतं?", "कधी भीती वाटते का?", "मागच्या वेळी काय झालं होतं?" असे विचारावे आणि उत्तराला वेळ द्यावा. तिने सांगितले तर त्याला शिव्या देऊ नयेत, कारण मग ती त्याची बाजू सावरण्यात गुंतते. "तू काय केलंस?" हे तर तोंडातून निघताच कामा नये. "तू सांगितलंस ते बरं झालं, यात तुझी चूक नाही, तू ठरवशील तसं आम्ही करू" एवढे पुरते. यातले तिसरे वाक्य सर्वांत महत्त्वाचे, आणि माहेरच्या माणसांना तेच सर्वांत जड जाते.

घरात तीन मते आहेत, तर त्या तिन्हींविषयी लिहिते. वडिलांचे मत, की मध्ये पडू नये, मला मान्य नाही. पण त्यामागे मुलीचा संसार मोडेल ही भीती आहे, तेव्हा त्यांच्याशी भांडू नका. संसार मोडायचा की नाही हे आज ठरवायचे नसून तिचा जीव सुरक्षित आहे का एवढेच पाहायचे आहे, असे त्यांना सांगा.

चुलत्यांच्या बैठकीविषयी मी अधिक सावध आहे. २००७ मध्ये महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली तेव्हापासून गावोगाव समित्या आहेत आणि बांधाचे, पाण्याचे कित्येक तंटे त्यांनी मिटवले आहेत. पण बांधाच्या तंट्यात दोन्ही बाजू रात्री आपापल्या घरी झोपतात. इथे बैठकीत तक्रार मांडणारी बाई, ज्याच्याविरुद्ध तक्रार केली त्याच्याच घरात त्याच रात्री परत जाते. मारुतीच्या पारावर बसलेल्या अशा एका बैठकीला मी हजर होते. वीस-बावीस पुरुष सतरंजीवर होते आणि जिच्यासाठी बैठक होती ती बाई मागच्या घरात त्या सगळ्यांचा चहा करत होती. तीन तासांत तिला कोणी हाक मारली नाही. शेवटी त्याने नीट नांदवावे, तिने जुळवून घ्यावे, असे ठरले आणि "यापुढे त्रास देणार नाही" असे बाँडवर लिहून घेतले. असा बाँड मोडला म्हणून त्याला काहीही शिक्षा होत नाही. उलट न्यायदंडाधिकाऱ्यांनी २००५ च्या कायद्याखाली दिलेला संरक्षण आदेश मोडला, तर एक वर्षापर्यंत कैद किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. मात्र असा बाँड पूर्वी कधी झालेला असेल तर तो फेकू नका; आपण त्रास देत होतो ही त्याची स्वतःच्या सहीची कबुली आहे, आणि न्यायालयात ती कामी येते.

आता आपले स्वतःचे मत. तिला घेऊन यावे आणि तक्रार द्यावी, यासाठी कायदा आपल्याला पुरेसा अधिकार देतो. हिंसा होत आहे असे मानण्यास कारण असलेली कोणतीही व्यक्ती संरक्षण अधिकाऱ्याला कळवू शकते आणि सद्भावनेने कळवले असेल तर तिच्यावर कसलीही जबाबदारी येत नाही. जुन्या भारतीय दंड संहितेतील ४९८अ हे कलम १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत कलम ८५ म्हणून आले. नवऱ्याने किंवा त्याच्या नातेवाइकांनी केलेल्या क्रूरतेसाठी त्यात तीन वर्षांपर्यंत शिक्षा आहे, आणि त्याची फिर्याद रक्ताच्या नात्यातला माणूस म्हणून भाऊही देऊ शकतो. हे सगळे खरे असले, तरी तिला न विचारता यातले काही करू नका, अशी माझी कळकळीची विनंती आहे. एक तर, ज्या दिवशी बाई घर सोडते तो दिवस आणि त्यानंतरचे काही आठवडे सर्वांत धोक्याचे असतात, कारण ताबा सुटतो आहे हे त्या माणसाला तेव्हा कळते. त्याचा राग कधी, कशावर निघतो, लेकराला तो अडवून धरेल का, घरात कोण तिच्या बाजूचे आहे, हे तिच्याइतके कोणालाही ठाऊक नाही. आणि दुसरे, चार वर्षे तिचे सगळे निर्णय दुसऱ्याने घेतले आहेत. आपण प्रेमापोटी का होईना, पण तिला न विचारता जीपमध्ये बसवून आणले, तर निर्णय घेणारा माणूस तेवढा बदलला असे होईल. अशा रीतीने आणलेल्या मुली पंधरवड्यात परत गेलेल्या मी पाहिल्या आहेत, आणि परत गेल्यावर त्या माहेरी पुन्हा कधी काही बोलल्या नाहीत.

याला एकच अपवाद आहे. जीव जाण्याची वेळ आली असेल, म्हणजे त्याने हत्यार काढले असेल, पेटवून देण्याची धमकी दिली असेल, ती गरोदर असताना मारहाण होत असेल, त्याने पुन्हा गळा धरला असेल, किंवा तिनेच "आता जगून काय करू" असे म्हटले असेल, तर परवानगीची वाट पाहू नका. ११२ ला फोन करा आणि एकटे न जाता पोलिसांना घेऊन जा. तिच्या मनात जीव देण्याचे विचार असतील तर टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, आणि फवारणीचे औषध घरात न ठेवता कुलपात, तिच्या हाताला न येईल असे ठेवण्याची व्यवस्था कोणी विश्वासू माणूस करू शकला तर तेवढ्यानेही जीव वाचतो.

तिने अजून काही ठरवलेले नसले तरी तयारी करता येते, आणि ती गाजावाजा न करता करावी. आधार कार्ड, बँकेचे पासबुक, लेकराचा जन्मदाखला, लग्नपत्रिका व लग्नाचे फोटो, रेशन कार्डाची छायाप्रत, दवाखान्याचे कागद आणि दागिन्यांच्या पावत्या यांपैकी जे निघेल ते हळूहळू माहेरी किंवा विश्वासू माणसाकडे जावे; भरलेली पिशवी मात्र सासरी ठेवू नये, कारण ती सापडली तर त्याच रात्री मार बसतो. तिने थोडे पैसे जपून ठेवावेत, एसटीच्या तिकिटापुरते आणि थोडे वरचे. फोन तपासला जात असेल तर मजकूर पाठवू नका. त्याऐवजी एक साधे वाक्य ठरवा. आमच्याकडच्या एकीने आईशी "पापड लाटायला कधी येऊ?" हे वाक्य ठरवले होते. ते कानावर पडले की आईने शेजारच्या गावातल्या भाच्याला गाडी घेऊन पाठवायचे, एवढेच. एका रात्री ते वाक्य आले आणि पाऊण तासात ती व दोन्ही लेकरे गाडीत होती. महिलांसाठीचा १८१ हा क्रमांक आहेच, पण तो फोनच्या नोंदीत दिसतो. म्हणून गावातल्या आशाताई किंवा अंगणवाडी सेविकेच्या फोनवरून बोलणे पुष्कळदा सुरक्षित ठरते. त्या तिच्या दारात गेल्या तरी कोणाला संशय येत नाही.

ती तयार झाली की पहिली पायरी संरक्षण अधिकारी. महिला व बालविकास विभागाने नेमलेले हे अधिकारी कौटुंबिक घटना अहवाल भरून न्यायदंडाधिकाऱ्यांकडे पाठवतात. अर्ज सासरच्या गावीच करावा लागतो हा समज चुकीचा आहे. ती जिथे तात्पुरती राहते तिथल्या, म्हणजे माहेरच्या, न्यायालयातही तो करता येतो. कारखान्यावर कोपीत, म्हणजे झोपडीत, राहणाऱ्या ऊसतोड बाईलाही तो तिथल्या न्यायालयात करता येतो. क्रूरतेची फिर्यादही तिला माहेरी राहून देता येते, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये स्पष्ट केले आहे. २००५ च्या कायद्यात मारहाण थांबवण्याचा आदेश, राहत्या घरात राहण्याचा हक्क, खर्चाची रक्कम, लेकराचा तात्पुरता ताबा आणि भरपाई, हे सर्व एकाच अर्जात मागता येते. घर सासऱ्याच्या नावावर आहे म्हणून तिला काढता येईल, असे सरसकट म्हणता येत नाही, हेही सर्वोच्च न्यायालयाने २०२० मध्ये ठरवून दिले आहे. पहिली तारीख साधारण तीन दिवसांत आणि निकाल ६० दिवसांत लागावा असे कायदा म्हणतो. प्रत्यक्षात कित्येक महिने जातात, हे मी लपवत नाही. म्हणून वकिलाला कलम २३ खाली तातडीचा अंतरिम आदेश पहिल्याच दिवशी मागायला सांगा. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरण उत्पन्नाची अट न लावता स्त्रीला मोफत वकील देते. त्यांचा क्रमांक १५१०० आहे. रात्री राहण्याची सोय नसेल तर जिल्ह्याच्या ठिकाणी सखी वन स्टॉप सेंटर आहे, तिथे सहसा पाच दिवसांपर्यंत राहता येते. कुठेही "दोघांना समोरासमोर बसवून बोलू" असा प्रस्ताव आला, तर तिने आधी एकटीने बोलण्याची मागणी करावी, कारण त्याच्यासमोर बोललेल्या प्रत्येक शब्दाचा हिशेब घरी गेल्यावर होतो.

ती माहेरी आली तर खरे काम तिथून पुढे सुरू होते. पहिला महिना सगळे जपतात, तिसऱ्या महिन्यात शेजारीण विचारते, "आता कधी धाडता लेकीला?" या प्रश्नाचे उत्तर तिने द्यायचे नसून आपण द्यायचे, आणि ते आधीच ठरवून ठेवावे. लेकराचे नाव अंगणवाडीत घाला. तिचे बँक खाते वेगळे करा, आणि गावात उमेद या सरकारी अभियानाचा बचत गट असेल तर तिला त्यात जाऊ द्या. घटस्फोट झालेल्या पण पोटगी न मिळणाऱ्या, तसेच अत्याचारित स्त्रियांसाठी संजय गांधी निराधार अनुदान योजना आहे. तिचा अर्ज तहसील कार्यालयात होतो. तिला रात्री झोप लागणार नाही, ती मधूनच त्याची आठवण काढेल, कदाचित एकदा परतही जाईल. तेव्हा "आता परत रडत येऊ नको" असे आपल्या घरातल्या कोणाच्याही तोंडून जाऊ देऊ नका. कायमच्या बाहेर पडलेल्या बायकांपैकी फार थोड्या पहिल्याच वेळी बाहेर पडल्या, असा माझा अनुभव आहे.

आपण विचारलेले नाही, पण घरात तिच्या पाठची, लग्न व्हायची बहीण आहे म्हणून लिहिते. स्थळ बघताना आपण शेती किती, विहिरीला पाणी किती, नोकरी कायम आहे का, एवढे विचारतो. तो रागावल्यावर घरातल्या बायकांशी कसा वागतो, हे त्या गावच्या बायकांना कोणी विचारत नाही. तिचे शिक्षण पूर्ण होऊ द्या आणि १८ वर्षांच्या आत कोणाचेही लग्न घरात होऊ देऊ नका. गावात असे लग्न ठरत असेल तर ते थांबवण्याची जबाबदारी ग्रामसेवकावर आहे, त्यांना कळवा. आणखी एक अवघड विषय आहे. महाराष्ट्रात १९९४ पासून मुलीला वडिलोपार्जित शेतीत मुलाबरोबर हक्क आहे, तरी लग्नानंतर वर्षा-दोन वर्षांत तिच्याकडून हक्कसोडपत्र लिहून घेण्याची रीत घरोघरी आहे. ज्या लेकीने हक्कसोड करून दिली आहे, तिला मार खाऊन परत येताना "भावाच्या जिवावर कशी राहू" असे वाटते. आपल्या बहिणीने ते लिहून दिले आहे का, मला ठाऊक नाही. दिले नसेल तर घेऊ नका. दिले असेल, तर राहत्या घरातली एक खोली तिची आहे, हे आपण तिला आपल्या तोंडाने सांगा.

या आठवड्यात एवढेच करा. महालक्ष्म्यांना अजून महिना आहे, तोवर थांबू नका. लेकराला बघायचे निमित्त काढून आईला आणि तिच्या आवडत्या मावशीला पाठवा, आपण स्वतः जाऊ नका. मावशीने तिला एकटीला गाठून आवाज आणि गिळणे कसे आहे ते पाहावे, घशासाठी दवाखान्यात नेण्याचा विषय सासूसमोरच सहज काढावा, आणि जाता-येता गाडीत वर सांगितलेले तीन प्रश्न विचारावेत. ती काय म्हणाली ते मला कळवा, तिच्या शब्दांत, आपल्या शब्दांत नको. त्यावरून पुढचे ठरवू.